बांगड्या गहाण ठेवून केलेलं अर्पण

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, प्रभूमध्ये सलाम. माझे मिस्टर एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटावर आहेत. हातात ३४,००० रुपये येतात. मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, त्याचे चार हजार. पगार झाला की मिस्टर आधी ३,४०० रुपये दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, काढून मंडळीत, आमच्या चर्चमध्ये देतात. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण लॉकडाऊनमध्ये त्यांची आधीची नोकरी गेली, तेव्हापासून ते मोबाइलवर एका प्रचारकांचं ऐकू लागले. ते सांगतात, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट कापणी होईल. दर महिन्याला पाच हजार तिकडे जातात. आता प्रार्थनाभवनाच्या बांधकामासाठी मिस्टरांनी ५०,००० चा शब्द दिलाय. माझ्या दोन बांगड्या पतसंस्थेत ठेवून ३०,००० पाठवले, २०,००० नाताळपर्यंत पाठवायचे आहेत. बांगड्या द्यायला मी हो म्हणाले, पण त्या रात्री झोप लागली नाही. मुलाची दुसऱ्या सत्राची फी राहिली आहे. गावी सासूबाईंना शुगर आहे, औषधाला महिन्याला दीड हजार लागतात. या वेळी मिस्टर त्यांना फोनवर म्हणाले, “आई, या महिन्यात सगळं देवाला दिलंय, तू प्रार्थना कर.” मी काही बोलले की ते बायबलातलं मलाखीचं पुस्तक काढून दाखवतात. देवाला लुबाडलं तर शाप लागतो म्हणतात. मी अडवलं तर खरंच घरावर शाप येईल का? द्यायचं तरी किती? आणि एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. शेजारी एक आजी एकट्या राहतात. शिकवणीच्या पैशांतून मी त्यांना दर महिन्याला पाचशे रुपये गुपचूप देते. ते दशांशात धरलं जातं, की ही मी घरच्यांची केलेली फसवणूक आहे?
— नाव-गाव छापू नये

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं. सासूबाईंचा फोन वाचला आणि उत्तर लगेच लिहवेना.

आधी शापाचं बोलू. ती भीती उशाशी असेपर्यंत माझं बाकीचं काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. तुम्ही नवऱ्याला अडवलंत म्हणून घरावर, मुलावर, त्यांच्या नोकरीवर कसलाही शाप येणार नाही. प्रेषित पौलानं गलतीकरांच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला आणि नियमशास्त्राच्या शापातून त्यानं आपल्याला सोडवलं. वधस्तंभावर जे पुरतं फेडलं गेलं, त्याची वसुली आज तुमच्याकडून करायचा अधिकार कोणालाच नाही.

मलाखी मात्र बाजूला ठेवू नका. उलट मिस्टरांबरोबर बसून तो तिसरा अध्याय वाचा, फक्त आठव्या वचनाऐवजी पाचव्यापासून सुरुवात करा. तिथं परमेश्वर म्हणतो, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला नि अनाथाला गांजणारे, परक्याचा हक्क हिरावणारे यांच्याविरुद्ध मी साक्ष देईन. हे आधी येतं, दशांश मागाहून. आणि दहाव्या वचनात दशांश भांडारात आणा म्हटलंय ते कशासाठी? माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. अन्न हा शब्द तिथं अगदी खरोखरच्या अन्नासाठी आहे. ते भांडार म्हणजे धान्य, द्राक्षारस, तेल साठवायची कोठारं. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला देशात शेतजमिनीचा वाटा नव्हता, ते या धान्यावर जगत. नहेम्याच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात येतं की त्यांचा वाटा थकला तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवायला सांगितलाय, लेवी, परका, अनाथ नि विधवा यांनी तो पोटभर खावा म्हणून. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर उपदेश मी क्वचितच ऐकलाय. ठरलेल्या ठिकाणी दशांश नेऊन आपल्या घराण्यासह तो देवासमोर खावा आणि आनंद करावा, असं तिथं लिहिलंय.

भांडार म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात कळलं, म्हणून हे इतकं आवर्जून सांगतेय. माझे वडील नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात पाळक होते. आमच्याकडे बायका भाकरीला बसायच्या आधी मूठभर ज्वारी किंवा बाजरी डालड्याच्या डब्यात टाकायच्या. रविवारी ते डबे देवळाच्या मागच्या खोलीतल्या कणगीत रिकामे व्हायचे. वडिलांच्या पगारातला काही भाग त्या कणगीतून यायचा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खायचे दिवस. अर्धं गाव खडी फोडायला जायचं. डब्यातली मूठ तेव्हा चिमटीवर आली होती. एका रविवारी उपासनेनंतर वडिलांनी मंडळीला विचारलं, कणगी उघडायची का? सगळे गप्प राहिले, कारण कणगी उघडली तर पाळकाच्या घरात काय शिजणार हे सगळ्यांना माहीत होतं. माझी आई उठली, मापटं घेतलं आणि कणगीपाशी जाऊन बसली. ख्रिस्ती कोण, गावातले इतर कोण, हे तिनं पाहिलं नाही. मापटं भरायची, तळव्यानं सपाट करायची आणि ओट्यात ओतून झालं की वर एक मूठ जास्तीची घालायची. ती वरची मूठ मला अजून दिसते. तिच्या बांगड्या काचेच्या होत्या. मापट्याच्या काठाला लागून एक फुटली, तेवढ्यापुरती ती थांबली.

ती मूठ आमच्या ताटातून जात होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतं. अर्पण कोणाच्या ताटातून होतंय, हे आधी बघायचं. दावीद राजाला वेदी बांधायला यबूसी जमातीच्या एका माणसाचं खळं हवं होतं. तो माणूस खळं, बैल, लाकडं सगळं फुकट द्यायला तयार झाला. दाविदानं घेतलं नाही. मला ज्याची काही झळ नाही असं अर्पण मी माझ्या देवाला करणार नाही, म्हणाला आणि ५० शेकेल चांदी मोजून दिली. तुमच्या घरी काय चाललंय? अर्पण मिस्टरांच्या नावावर जातंय आणि झळ पोचतेय सासूबाईंच्या गोळ्यांना, मुलाच्या फीला, तुमच्या बांगड्यांना.

सासूबाईंना जे सांगितलं गेलं त्याबद्दल तर येशूचं बोलणं अगदी उघड आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, सुनावतो, आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून तुम्ही माणसाला आईबापांसाठी काहीच करू देत नाही. आपल्या परंपरेनं तुम्ही देवाचं वचन रद्द करता. म्हणजे देवाचं नाव पुढं करून आईचा वाटा थांबवणं हे देवालाच मान्य नाही. मिस्टरांच्या मनात वाईट नव्हतं हे मला समजतं. त्या परूश्यांनाही आपण धर्मच पाळतोय असं वाटत असेल. पण हा उतारा त्यांनी स्वतः वाचायला हवा. तुम्ही वाचून दाखवू नका. भांडणात शास्त्र वाचलं की ते दगडासारखं लागतं. रविवारी जेवणं झाल्यावर नुसतं म्हणा, “हे एकदा वाचा ना, मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.”

आता ‘बी’. प्रभूनं पेरणाऱ्याचा दाखला दिला, त्यात तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं. शिष्यांनी अर्थ विचारला तेव्हा बी म्हणजे देवाचं वचन असं त्यानं स्वतः सांगितलं. लूकच्या आठव्या अध्यायात आहे. सांगणाऱ्यानं अर्थ सांगून ठेवलाय, तर आपण त्यात नोटा कशाला भरायच्या? दुसरीकडे तो शंभरपट मिळेल म्हणतो, मार्कच्या दहाव्या अध्यायात, तिथं घरं, भाऊ, बहिणी, शेतं यांच्याबरोबर छळही मिळेल असं त्याच वाक्यात आहे.

पण मिस्टर एक वचन दाखवतील, आणि ते टाळून चालायचं नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल खरंच म्हणतो की जो हात राखून पेरतो त्याची कापणी त्याच मानानं होते. त्याच पत्रात मासेदोनियाच्या मंडळ्यांचं कौतुक आहे. त्या अतिशय गरीब होत्या आणि तरी त्यांनी शक्तीबाहेर दिलं. ही वचनं मला प्रिय आहेत, माझ्या आईची ती वचनं आहेत. मात्र आठवा आणि नववा अध्याय सलग वाचलात तर दिसेल, पौल पैसे गोळा करत होता यरुशलेममधल्या गरिबांसाठी. मासेदोनियाच्या लोकांनी स्वखुशीनं दिलं, उलट आम्हालाही या सेवेत घ्या म्हणून त्यांनीच पौलाला विनवलं. आणि लगेच पुढं तो करिंथकरांना सांगतो की इतरांना आराम आणि तुमची ओढाताण असं व्हावं म्हणून मी हे म्हणत नाही. माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यावरून होत नाही. पतसंस्थेचे ३०,००० तुमच्याजवळ नव्हते. ते कर्ज होतं. दुःखी मनानं किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये, हेही त्याच नवव्या अध्यायात आहे, आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या मंडळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. एवढी मोठी रक्कम न्यायची तर पौल एकटा नेत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर तो मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवतो, आणि कारणही सांगतो, की या कामात आमच्यावर कोणी दोष ठेवू नये. प्रभूच्याच दृष्टीनं नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं ते आम्ही करतो. प्रेषित पौल हिशेबाला तयार होता. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-बायांना केडगावला आसरा दिला. देवावर इतकी विसंबलेली बाई आपल्याकडे दुसरी दाखवता यायची नाही. पण तिच्या कामासाठी १८८७ मध्ये बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली होती, आणि तिचे वार्षिक अहवाल छापून निघत. कोणी हिशेब मागितला म्हणून रमाबाईंचा विश्वास कमी झाला नाही. तेव्हा मिस्टरांना सांगा, त्या प्रचारकांना दोन ओळींचा मेसेज पाठवा: पावती द्यावी, संस्थेचा नोंदणी क्रमांक द्यावा, गेल्या वर्षीचा ताळेबंद कुठे पाहायला मिळेल ते कळवावं. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावेच लागतात, त्यामुळे खऱ्या संस्थेला हे जड जाणार नाही. पैसे एखाद्याच्या खासगी खात्यात जात असतील तर तेही तेव्हा कळेल. उत्तराऐवजी शापाचं वचन आलं, तर मिस्टरांनाच समजेल. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

राहिलेल्या २०,००० चा शब्द त्यांच्या मनावर ओझं होऊन बसला असेल. देवापुढं बोललेलं मोडू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात एका माणसाला उपदेश आहे, तो दुसऱ्यासाठी जामीन राहून आपल्याच तोंडच्या शब्दांत सापडलाय. तिथं तसंच अडकून राहा असं सांगितलेलं नाही. जा, नम्र हो, त्याच्यामागं लाग, डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरणी सुटते तसा सुटून घे, असं म्हटलंय. मिस्टरांनी कळवावं की आमच्याजवळ नसलेल्या पैशांचा शब्द मी दिला, ती माझी चूक झाली, पुढचे पैसे पाठवता येणार नाहीत. हे त्यांनी पाळकसाहेबांबरोबर बसून, प्रार्थना करून लिहावं. गेलेले ३०,००० परत मागायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर बसू नका.

पाळकसाहेबांकडे दोघांनी मिळून जा. तुम्ही एकट्या जाऊन तक्रार केलीत तर मिस्टर दुखावतील, आणि ते या गोष्टीतले शत्रू नाहीत. त्यांची नोकरी गेली तेव्हा देवळं बंद होती, भेटायला कोणी येत नव्हतं, आणि मोबाइलवरच्या त्या आवाजानं त्यांना धीर दिला. कंत्राट पुन्हा कधी संपेल ही टांगती तलवार आजही आहे. दर महिन्याचे ते पाच हजार मला त्या भीतीचा विमा वाटतात. म्हणून “पैसे का उडवता” असं विचारू नका. “तुम्हाला नोकरीची भीती वाटते का?” असं विचारा. कदाचित इतक्या वर्षांत हे त्यांना कोणीच विचारलेलं नसेल. आणि हे मंडळीचंही अपयश आहे, हे मी लिहिल्याशिवाय राहणार नाही. माणूस नोकरी गमावून घरी बसतो तेव्हा आपण त्याच्याकडे वर्गणीची थकबाकी मागायला जातो आणि चहा प्यायला जात नाही, मग तो दुसऱ्या आवाजाकडे वळतो.

किती द्यायचं? नव्या करारात एकच आकडा सगळ्यांना लावलेला मला सापडत नाही. जकातदार जक्कयानं अर्धी मालमत्ता दिली आणि शिवाय फसवून घेतलेलं चौपट परत केलं. प्रभू त्याला बाकीचं अर्धं का ठेवलंस असं म्हणाला नाही. श्रीमंत तरुणाला मात्र सगळंच विकायला सांगितलं. गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी टाकली, त्याचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. पण त्याच्या लगेच आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्यानं किती कडक सुनावलंय, तेही सोबत वाचावं. माझं स्वतःचं मत विचाराल तर दशांश ही चांगली सवय आहे आणि तुम्ही ती सोडू नये. ३,४०० मंडळीत जात होते ते जाऊ द्या. पाळकाचा पगार, देवळाचं वीजबिल, आजारी माणसांच्या भेटी हे सगळं त्यातूनच चालतं, आणि ते डोळ्यांसमोर दिसतं. दुसरे पाच हजार थांबवा. त्यातले दीड हजार पहिल्या तारखेला सासूबाईंना जाऊ द्या, आणि ते मिस्टरांनी स्वतःच्या हातानं पाठवावेत. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात विश्वास नाकारणारा म्हणतो, इतकं ते महत्त्वाचं आहे. उरलेल्या साडेतीन हजारांतून आधी फी भरा. शाळेत जाऊन दोन-तीन हप्ते मागा, बहुतेक मिळतात. मग बांगड्या. व्याज धरूनही साधारण वर्षभरात त्या सुटाव्यात.

आणि सुटल्यावर? तेव्हा ते साडेतीन हजार पुरते घरखर्चात मिसळू देऊ नका, हे मी तितक्याच कळकळीनं सांगते. फसवणूक झालेल्या घरात मग हात कायमचा आखडलेला मी पाहिलाय. एकदा पोळलं म्हणून पुढची वीस वर्षं पिशवीत दहाची नोट. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन बायका १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला ठेवत आल्या, आणि त्यांच्या मंडळीचं कितीतरी काम त्या मुठीवर उभं राहिलंय. तुमच्या घरात डबा ठेवा. मुलाला त्यात रोज काहीतरी टाकू द्या, आणि वर्षाअखेरीस ते कोणाला द्यायचं हे त्यालाच ठरवू द्या.

आता शेजारच्या आजी. हे देणं देवाच्या हिशेबात आहे की नाही, याची तुम्हाला शंका तरी का यावी? जो दरिद्र्यावर दया करतो तो परमेश्वराला उसनं देतो, असं नीतिसूत्रांत आहे. तिसऱ्या वर्षाच्या दशांशावर जिचा हक्क सांगितलाय ती विधवा तुमच्या भिंतीपलीकडे राहते. तुमच्या चार हजारांचा दशांश चारशे होतो, तुम्ही पाचशे देताय. ही फसवणूक नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे प्रभूनं लोकांपुढच्या मिरवण्याबद्दल सांगितलं. नवऱ्यापासून लपवण्याशी त्याचा संबंध नाही. त्यांनी तुम्हाला बांगड्यांबद्दल निदान विचारलं होतं. हे तुम्ही त्यांना सांगायला हवं, आणि भांडणात जिंकायचं हत्यार म्हणून तर मुळीच सांगू नका.

एक सुचवते. पुढच्या महिन्यात पाचशे द्यायची वेळ येईल तेव्हा सकाळी नेहमीसारख्या एकट्या जाऊ नका. संध्याकाळी मिस्टर घरी आल्यावर जा आणि म्हणा, “शेजारी आजींकडे जरा येता का?” मुलालाही घ्या. पाकीट मिस्टरांच्या हातून दिलं जाऊ द्या. आजी बसवून घेतील, चहा करतील, कदाचित त्यांच्या हातात कपही थरथरेल. घाई करू नका, चहा पिऊनच उठा.

तुमची,
ताई